मऊ होल्स्टर म्हणजे आरामाचं होल्स्टर नव्हे

वाचकाचं पत्र:

माझ्याकडे परवान्याचं, मध्यम आकाराचं ९ मिलिमीटर पिस्तूल आहे आणि ते कपड्यांखाली अंगावर बाळगण्याची रीतसर परवानगीही आहे. आठ महिन्यांत तीन होल्स्टर, म्हणजे पिस्तूल अंगावर अडकवायची म्यानं, घेऊन झाली. पहिलं चामड्याचं, कुणाचं तरी वापरलेलं. पिस्तूल काढलं की त्याचं तोंड मिटतं. दुसरं कडक प्लास्टिकचं. ते पोटापाशी लावतो, पण बसलं की रुततं. तिसरं मऊ नायलॉनचं, ‘सगळ्या पिस्तुलांना चालणारं’. ते अजिबात टोचत नाही, म्हणून रोज तेच वापरतो. पण मागच्या आठवड्यात स्वच्छतागृहात पँट खाली केली आणि पिस्तूल त्यातून निसटून फरशीवर पडलं. गोळी सुटली नाही, पण तेव्हापासून धास्ती बसली आहे. माझं काम बसून, बरंचसं गाडी चालवण्याचं. पोट थोडं सुटलेलं. घरात चार वर्षांची मुलगी आहे. बायको म्हणते, अंगावर नकोच, बॅगेत ठेव. आराम आणि सुरक्षितता दोन्ही देणारं होल्स्टर खरंच असतं का? कोणतं घेऊ आणि कुठे लावू? आणि तोवर चेंबर, म्हणजे नळीमागची गोळी बसते ती जागा, रिकामं ठेवलं तर चालेल का?
– धास्तावलेला

उत्तर:

पिस्तूल पडलं तेव्हा ते झेलायला तुम्ही हात पुढे केला होता का, हे पत्रात नाही. केला नसेल तर त्या गडबडीत तुमच्या हातून सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट घडली. आजची बहुतेक चांगल्या बनावटीची पिस्तुलं नुसती पडली म्हणून सुटत नाहीत. आत फायरिंग पिनला, म्हणजे गोळीवर आपटणाऱ्या सुईला, अडवणारा एक खटका असतो आणि ट्रिगर मागे गेल्याशिवाय तो बाजूला होत नाही. पण पडणारं पिस्तूल झेलायला गेलं की बोट नेमकं ट्रिगरमध्ये शिरतं आणि तो अडसर आपणच काढून टाकतो. म्हणून बाकी सगळ्याच्या आधी हे पाठ करा: पिस्तूल हातातून, कमरेतून, कुठूनही निसटलं तर ते पडू द्यायचं. फरशीचा टवका उडाला तर उडू दे. मग शांतपणे, नळी कुणाच्या दिशेला नाही हे बघून, ट्रिगरपासून बोट लांब ठेवून ते उचलायचं, रिकामं करायचं आणि जाणकार कारागिराकडून तपासून घ्यायचं. अजून तपासलं नसेल तर ते काम आधी करा.

आता त्या मऊ होल्स्टरबद्दल. ते आजपासून वापरू नका. निसटलं हा त्याचा एक दोष झाला. माझ्या लेखी दुसरा दोष त्याहून मोठा आहे. रिकामं केलेलं, दोनदा तपासलेलं पिस्तूल त्या नायलॉनमध्ये घाला, नळी सुरक्षित दिशेला ठेवा आणि बाहेरून कापडावरून ट्रिगरच्या जागी बोटाने दाबा. ट्रिगर हलताना बोटाला जाणवेल. अशा प्रकारच्या पिस्तुलांचा ट्रिगर साधारण अडीच किलोच्या दाबाने सुटतो. खुर्चीचा हात, सीटबेल्टचं बक्कल, टेबलाची कड, गाडीतून उतरताना दाराला बसलेला धक्का, एवढा दाब यातून कधीही येऊ शकतो. होल्स्टरचं पहिलं काम ट्रिगर गार्ड, म्हणजे ट्रिगरभोवतीचं कडं, दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकणं हे आहे, आणि तेही अशा कडक वस्तूने की बाहेरून कितीही दाबलं तरी आत काही पोचू नये. जे होल्स्टर हे करत नाही ती नुसती पिशवी झाली. ‘सगळ्या पिस्तुलांना चालतं’ याचा खरा अर्थ ते कुठल्याच पिस्तुलाच्या मापाचं नाही.

दुसरं काम पकडीचं. पिस्तूल तुम्ही ओढल्याशिवाय बाहेर येता कामा नये. हे घरीच तपासता येतं. रिकामं पिस्तूल होल्स्टरमध्ये घाला, पलंगावर गादीच्या वर उलटं धरा आणि जोरात हलवा. पिस्तूल पडलं की ते होल्स्टर बाद. तिसरं काम, पिस्तूल काढल्यावरही होल्स्टरचं तोंड उघडं राहिलं पाहिजे, म्हणजे एका हाताने, तोंडात बोट न घालता, परत ठेवता येतं. आणि चौथं, पिस्तूल आत असतानाच मुठीवर पूर्ण पकड बसली पाहिजे. काढताना हातात पकड सरकवत बसावं लागलं तर जागा किंवा उंची चुकली आहे असं समजा.

या चार गोष्टींत तडजोड नाही. आरामाचा विचार यांच्यानंतर सुरू होतो. पण तुमच्या मनात एक समज पक्का बसलेला दिसतो की कडक म्हणजे सुरक्षित पण त्रासाचं आणि मऊ म्हणजे आरामाचं पण धोक्याचं, आणि यातून काहीतरी मधलं निवडायचं. तसं नाही हे मी पुष्कळ कमरा पाहून सांगते आहे. पायाला मऊ सपाता छान वाटतात, पण दिवसभर डोंगर चढायचा तर टाच घट्ट धरणारा बूटच लागतो. मऊ वस्तूत वजन एका जागी राहत नाही. ते लोंबतं, फिरतं, सरकतं, आणि तुम्ही दिवसातून पन्नास वेळा हात लावून ते सारखं करता. कडक, मापाचं होल्स्टर नीट लावलं की वजन पसरतं आणि एका जागी थांबतं. तुमचं दुसरं होल्स्टर रुततं ते कडक आहे म्हणून नाही, चुकीच्या जागी, चुकीच्या उंचीवर आणि बहुधा चुकीच्या पट्ट्यावर आहे म्हणून.

पट्टा! तुमच्या पत्रात तीन होल्स्टरचं वर्णन आहे, पट्ट्याचा उल्लेख एकदाही नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांचं असंच होतं. होल्स्टरवर होल्स्टर घेतात आणि पट्टा तोच, पँटबरोबर आलेला. जरा वजनाचा हिशोब करा. ग्लॉक १९ हे मध्यम आकाराचं, खूप चालणारं पिस्तूल घेतलं तर रिकाम्या मॅगझिनसह ते साधारण ६७० ग्रॅम भरतं आणि १५ गोळ्यांनी भरलेल्या मॅगझिनसह ८५५ ग्रॅमच्या आसपास. हे वजन कमरेच्या एका बाजूला दिवसभर टांगलेलं असतं. नेहमीचा पातळ पट्टा त्या जागी वळतो, होल्स्टर बाहेर कलतं, मूठ कपड्यातून उठून दिसते, म्हणून माणूस पट्टा आणखी एक भोक घट्ट करतो, आणि मग सगळं रुतायला लागतं. हे रुतणं होल्स्टरच्या नावावर जमा होतं.

यासाठी पट्टा असा हवा की आडवा धरला तर उभ्या दिशेने दुमडू नये. चामड्याचे दोन थर शिवलेला, किंवा आत कडक पट्टी घातलेला नायलॉनचा. साधारण ३८ मिलिमीटर, म्हणजे दीड इंच रुंदी बहुतेकांना पुरते. होल्स्टरची क्लिप पट्ट्याच्या रुंदीएवढीच असली पाहिजे. क्लिप मोठी आणि पट्टा अरुंद असेल तर होल्स्टर वरखाली नाचतं, आणि ओढताना पिस्तुलाबरोबर तेही बाहेर येण्याचा संभव असतो. पट्ट्याला जवळजवळ भोकं हवीत, किंवा दात्यांवर सरकणारं बक्कल, कारण जेवण्याआधीच्या आणि जेवणानंतरच्या कमरेत फरक पडतोच. आणि पँटच्या आत होल्स्टर लावणार असाल तर पँट कमरेला एक-दोन इंच सैल घ्या. मापाच्या पँटमध्ये पिस्तूल कोंबून कुठलंही होल्स्टर आरामाचं होणार नाही. नवीन होल्स्टरसाठी जेवढा खर्च ठरवला आहे, त्यातला काही आधी पट्ट्याकडे वळवा. कदाचित तुमचं ते दुसरं होल्स्टरच चालून जाईल.

कशाचं असावं, याचं माझं उत्तर सरळ आहे. पहिलं चांगलं होल्स्टर कायडेक्सचं घ्या. हे प्लास्टिक १९६५ च्या सुमारास विमानाच्या आतल्या भागांसाठी तयार झालं. ते तापवलं की मऊ होतं आणि पिस्तुलाच्या साच्यावर दाबून थंड केलं की तोच आकार धरून ठेवतं. म्हणून ट्रिगर गार्डवर ते अक्षरशः ‘टक्’ करून बसतं. घाम शोषत नाही, तोंड मिटत नाही, आणि बहुतेकांत पकड कमी-जास्त करायला एक स्क्रू असतो. त्याचे दोष म्हणजे कडा टोचतात, ओढताना आवाज होतो, आणि कडक उन्हात बंद गाडीच्या काचेजवळ ठेवलं तर आकार बिघडू शकतो. कडांवर उपाय आहे. बारीक पॉलिश पेपरने त्या गोल करून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे, पण त्याने किती फरक पडतो हे केल्यावरच कळतं.

चामडं मला स्वतःला प्रिय आहे. ते अंगाचा आकार घेतं, आवाज करत नाही, वर्षभरात आपलंसं होतं. पण नेमका हाच त्याचा धोका आहे, की ते आकार बदलत राहतं. जुनं, घामाने मऊ झालेलं चामडं तोंडापाशी आत वळतं, आणि पिस्तूल परत ठेवताना ती घडी ट्रिगर गार्डमध्ये शिरली तर बोटाचं काम करते. तुमच्या पहिल्या होल्स्टरचं तोंड मिटतं म्हणता, म्हणजे ते त्याच टप्प्यावर आहे. पँटच्या आत लावायच्या चांगल्या चामडी होल्स्टरच्या तोंडात धातूची पट्टी शिवलेली असते, ती याचसाठी. पुढे कधी चामडं घ्यावंसं वाटलं तर जाड, तुमच्याच पिस्तुलाच्या साच्यावर घडवलेलं आणि तोंड असं कडक केलेलं घ्या. वापरलेलं घेऊ नका. मागे रुंद चामडं किंवा फोम आणि पुढे कायडेक्स असे मिश्र प्रकारही मिळतात. बसून काम करणाऱ्यांना ते आवडतात, कारण मागचा रुंद भाग वजन पसरवतो. मात्र मागचं चामडं मऊ पडून पिस्तुलाच्या वाटेत यायला लागलं की त्यालाही निरोप द्यायचा.

आता जागा. होल्स्टर वापरणारे कमरेला घड्याळ मानतात. बेंबी म्हणजे १२, उजवा कुल्हा म्हणजे ३, पाठीचा कणा म्हणजे ६. तुम्ही उजव्या हाताचे आहात असं धरून सांगते. डावखुरे असाल तर हेच आरशात बघा.

आधी जी जागा टाळायची ती सांगते, म्हणजे ६ वाजता, कण्यावर. पाठीवर पडलात तर कणा आणि जमीन यांच्यामध्ये लोखंडाचा ठोकळा येईल. शिवाय तुम्ही गाडी चालवता. तिथे पिस्तूल घेऊन तासभर बसून बघायचीही गरज नाही.

तुमचं कडक होल्स्टर तुम्ही १ वाजता, पोटापाशी लावता. ही जागा लपवायला उत्तम आहे, हाताखाली राहते आणि गर्दीत कुणी मागून ओढू शकत नाही. पण नळी मांडीच्या मोठ्या रक्तवाहिनीकडे आणि जांघेकडे असते. तिथे झालेली चूक सुधारायला वेळ मिळत नाही. सवय झालेल्या, परत ठेवण्याची शिस्त अंगी बाणलेल्या माणसासाठी ही जागा ठीक आहे. तुम्ही धास्तावलेले आहात आणि तीन होल्स्टरमध्ये सवय विखुरलेली आहे. म्हणून निदान काही महिने तरी तिथून पिस्तूल हलवा असं माझं मत आहे.

साडेतीन वाजताची जागा, कुल्ह्याच्या हाडाच्या किंचित मागे, तिथून सुरुवात करा. तिथे शरीरात एक नैसर्गिक खळगा असतो. होल्स्टर थोडं पुढे झुकवा, म्हणजे मूठ पुढे आणि नळीचं टोक मागे. साधारण १५ अंशांच्या या कलण्याला अमेरिकी पोलीस यंत्रणेच्या नावावरून ‘एफबीआय कॅन्ट’ म्हणतात. त्याने मुठीची टाच वाकताना कपड्याबाहेर उठत नाही आणि मनगटही कमी वळतं. लक्षात घ्या, कपड्यातून नेहमी मूठच दिसते, नळी नाही. नळी लांब असली म्हणून लपवणं अवघड होत नाही. उलट लांब होल्स्टर बऱ्याचदा जास्त स्थिर बसतं, कारण पट्ट्याखालचा भाग वरच्या भागाला तोलून धरतो. लहान पिस्तुलाचं आखूड होल्स्टर वरच्या बाजूला जड होऊन बाहेर कलतं. पिस्तूल टोचतं म्हणून आणखी छोटं पिस्तूल घेणाऱ्यांना हे उशिरा कळतं.

गाडी चालवताना साडेतीनची जागा सीटच्या उंच कडेला घासेल. अर्धा इंच पुढे-मागे सरकवून बघा. तेवढ्या अंतराने जमून जातं. नाहीच जमलं आणि काही महिन्यांनी पोटापाशी परत यायचं असेल तर ते तयारीने करा. होल्स्टरच्या खालच्या भागाला मागून, अंगाच्या बाजूला, फोमची पाचर लावा. ती नळीचं टोक अंगापासून बाहेर ढकलते आणि मूठ आत वळवते. बाहेरच्या बाजूला ‘क्लॉ’ नावाचा छोटा पंख मिळतो. तो पट्ट्यावर दाबला जाऊन मुठीला पोटाकडे फिरवतो. पोट सुटलेलं असेल तर ते मुठीला बाहेर लोटतं, म्हणून होल्स्टरची उंची थोडी कमी करून पाहावी लागते. पण इतकंही खाली नको की मुठीवर पूर्ण हात बसणार नाही. रुतण्याची जागा वरची कड आहे की खालचं टोक, हे आधी शोधा. टोक रुतत असेल तर थोडं लांब होल्स्टर आणि पाचर लागते. कड रुतत असेल तर उंची बदलावी लागते.

खांद्याचं होल्स्टर, घोट्याचं, खिशातलं, पोटाला गुंडाळायचा पट्टा, या सगळ्यांना आपापली माणसं आहेत. तुमच्यासाठी त्यातलं एकही पहिली निवड नाही. फक्त पोटपट्ट्याबद्दल एक वाक्य, कारण कमर आखूड आणि कुल्हे रुंद असणाऱ्या बायकांना तो खरंच सोयीचा पडतो. तो घ्यायचा तर ट्रिगरवर कायडेक्सचं कडक कवच असलेलाच घ्यायचा. नुसत्या इलॅस्टिकचा म्हणजे तुमचं नायलॉनच पुन्हा.

पकडीला कुलपं किती असावीत? कपड्याखाली झाकलेल्या होल्स्टरला घर्षणाची घट्ट पकड पुरते. अंगठ्याने उघडायची पट्टी असली तरी हरकत नाही, फक्त ती ट्रिगरपाशी नसावी. पण तर्जनीने बटण दाबून पिस्तूल सोडवायचं असतं त्या प्रकाराला माझा विरोध आहे. घाईत ते बोट बटणावर जोर लावतच खाली सरकतं आणि पिस्तूल बाहेर येताक्षणी ट्रिगरवर जाऊन बसतं. पिस्तुलाच्या अंगावर सरळ राहणं हेच तर्जनीचं काम असावं. आणि पिस्तुलाला टॉर्च लावलेला असेल तर त्याच टॉर्चसाठी घडवलेलं होल्स्टर लागतं. त्यात ट्रिगर गार्डभोवती जागा जरा मोकळी राहते, ती स्वतः तपासून घ्या.

पिस्तूल परत ठेवणं या एका क्रियेत सगळ्यांत जास्त जीव गुंतलेला आहे. काढायची घाई कधी तरी असू शकते, ठेवायची घाई कधीच नसते. शर्टाचा कोपरा, जॅकेटची नाडी, तिच्या टोकाचा मणी, यातलं काहीही ट्रिगर गार्डमध्ये शिरू शकतं. दुसऱ्या हाताने कपडा पूर्ण वर धरा, डोळ्यांनी होल्स्टरच्या तोंडात बघा, बोट सरळ ठेवा, नळी अंगापासून जरा लांब राहील असं शरीर कलतं करा आणि हळू सोडा. जराही अडलं की जोर लावायचा नाही, बाहेर काढून बघायचं. मागे हॅमर, म्हणजे घोडा, असलेलं पिस्तूल असेल तर अंगठा हॅमरवर ठेवा, तो हलायला लागला की कळतं. शंका असेल तेव्हा होल्स्टर कमरेतून काढा, पिस्तूल त्यात बसवा आणि मग दोन्ही मिळून कमरेला लावा.

स्वच्छतागृहाचं. हे कुणी शिकवत नाही आणि कुणी लाजेने विचारत नाही. तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, त्याबद्दल आभार. पिस्तूल होल्स्टरमधून काढायचंच नाही. पट्टा सैल करण्याआधी एक हात होल्स्टरवर ठेवा, पँट गुडघ्यांपर्यंतच खाली घ्या, पट्ट्याचं बक्कल पुन्हा अडकवा म्हणजे वजन लोंबणार नाही, आणि पिस्तूल दोन पायांच्या मधे, पँटच्या घडीत राहू द्या. दाराच्या हुकाला टांगायचं नाही, फ्लशच्या टाकीवर ठेवायचं नाही. तिथे ठेवलेली पिस्तुलं माणसं विसरून निघून गेलेली आहेत. पकड चांगली असलेलं कायडेक्सचं होल्स्टर असतं तर तुमचं पिस्तूल त्या दिवशी पडलंच नसतं.

तुमच्या पत्नीचं म्हणणं मी समजू शकते. अंगावरचं पिस्तूल पडलं, हे ऐकल्यावर बॅग सुरक्षित वाटणं साहजिक आहे. पण बॅग खाली ठेवली जाते, खुर्चीला अडकवली जाते, दुसऱ्याच्या हातात दिली जाते, आणि तुमच्या घरात चार वर्षांची मुलगी आहे. ३० डिसेंबर २०१४ ला अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात हेडन इथे एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं आणि त्यातून सुटलेल्या गोळीने ती आई गेली. ती पर्स पिस्तूल ठेवण्यासाठीच बनवलेली, चेनचा वेगळा कप्पा असलेली होती. हे त्यांना वाचून दाखवा, घाबरवण्यासाठी नव्हे, तर त्यांची काळजी बरोबर आहे आणि फक्त उपाय वेगळा आहे हे दिसावं म्हणून. पिस्तूल एकतर तुमच्या अंगावर, नाहीतर कुलपात. तिसरी जागा नाही. घरी आल्यावर उशाखाली, कपाटाच्या वरच्या फळीवर, टांगलेल्या पँटमध्ये, कुठेही नाही. मुलीचा हात पोचत नाही असं वाटणाऱ्या जागी ती खुर्ची सरकवून पोचते. कमरेवरून काढताना होल्स्टरसकट काढा आणि तसंच छोट्या तिजोरीत ठेवा. दिवसाकाठी जितक्या कमी वेळा हाताळाल तितकं बरं.

चेंबर रिकामं ठेवावं का? हो, सध्या ठेवा. लाजायचं कारण नाही. नव्या होल्स्टरवर तुमचा विश्वास बसेपर्यंत आणि परत ठेवण्याची शिस्त लागेपर्यंत ते योग्यच आहे. मात्र चेंबर रिकामं आहे म्हणून वाईट होल्स्टर चालेल, अशी सूट त्यातून घेऊ नका. भरलेलं आहे असं समजूनच वागायचं हा नियम रिकाम्या चेंबरलाही लागू आहे.

नवं होल्स्टर आलं की लगेच बाहेर पडू नका. प्रशिक्षणात वापरतात ती निळ्या प्लास्टिकची, खऱ्या मापाची नकली पिस्तुलं मिळतात. तसं एखादं मिळालं तर त्यावर, नाहीतर खोलीत एकही गोळी नाही याची दोनदा खात्री करून रिकाम्या पिस्तुलावर, आठवडाभर सराव करा. खुर्चीत तासभर बसा, बुटाची नाडी बांधा, गाडीत चढा-उतरा, वरच्या फळीवरचा डबा काढा. पहिले काही दिवस ‘काहीतरी आहे’ ही जाणीव राहतेच, ती नव्या चष्म्यासारखी विरते. पण एका ठरावीक बिंदूवर दुखत राहिलं, कातडी लाल पडली, तर ते सहन करायचं नाही, जागा बदलायची. आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या किंवा बधिरपणा जाणवला तर पट्टा लगेच सैल करा. घट्ट पट्ट्याने तिथली नस दबते, आणि लक्षण टिकलं तर डॉक्टरांना दाखवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आज कल, दोन दिवसांनी उंची. सगळं एकदम बदललं की कशाने बरं वाटलं ते कळत नाही.

कायडेक्सचे स्क्रू चालण्याने सैल होतात. आठवड्यातून एकदा बघा, आणि जमलं तर त्यांना निळं थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद, लावा. घामाने भिजलेलं पिस्तूल रात्री तेलाच्या फडक्याने पुसा.

राहिलं ते नायलॉनचं. ते कुणाला देऊ नका, विकूही नका. दुसऱ्या कुणाच्या कमरेला ते लागता कामा नये. आजच कात्री घेऊन कापून टाका. नवं होल्स्टर आणि पट्टा हातात येईपर्यंत पिस्तूल तिजोरीत राहू द्या, आणि तिजोरी नसेल तर होल्स्टरच्या आधी ती घ्या.